आधी तुम्ही खर्च करा, मग बघू

परदेशातल्या दप्तरखान्यांत जुने कागद बघायला तरुण संशोधकांना प्रवास अनुदान! ऐकायला झकास. मंजुरीचं पत्र येतं, गल्लीत कुंदा वाटून होतो, आणि मग नियमपत्रकाच्या शेवटच्या पानावरची बारीक ओळ दिसते: प्रवास पूर्ण करून मूळ बिलं सादर केल्यावर रक्कम अदा होईल. म्हणजे तिकीट, व्हिसा, लंडनमधली खोली, रोजचं खाणं, सगळं आधी आम्ही भरायचं. कशातून? गेस्ट लेक्चररच्या पगारातून? सुट्टीत तो बंद, आणि चालू असतो तेव्हा वेळेवर येईल तर शपथ.

बरं, व्हिसावाल्यांना सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट बघायचं असतं. खात्यात पैसे दिसले पाहिजेत, आणि कालपरवा अचानक जमा झालेले चालत नाहीत. तिकडे अनुदानवाले म्हणतात, आधी जाऊन या, मग पैसे. पैसे असते तर तुमच्या दारात कशाला आलो असतो?

शेवटी आईच्या पाटल्या पतसंस्थेत गहाण गेल्या. सराफानं कसोटीवर घासल्या, वजन केलं, घटीचं वजा केलं आणि चिठ्ठी लिहून दिली. आई बाहेर बाकावर बसून होती, एक शब्द बोलली नाही. त्या कर्जाचं व्याज आजही चालू आहे, आणि ते व्याज अनुदानात ‘ग्राह्य नाही’. सरकारी योजनेला बिनव्याजी उचल कोण देतंय? बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली एक बाई.

काही शहाणे विचारतात, लंडनला जायचंच कशाला, आता सगळं ऑनलाइन आहे की! कुठं आहे? ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या, म्हणजे लंडनमधून हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या खात्याच्या, कागदांची नुसती फडताळं मोजली तरी सुमारे १४ किलोमीटर भरतात, त्यातलं स्कॅन झालेलं थोडंच. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथं सायबर हल्ला झाला, तेव्हा तर कॅटलॉगसुद्धा कित्येक आठवडे बंद होता. १८२४ साली कित्तूरला कलेक्टर थॅकरे मारला गेला, १८३१ मध्ये आमच्या नंदगडला, कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिलं. अशा प्रकरणांचा मुंबई सरकारचा पत्रव्यवहार नकलून लंडनला जायचा, आणि तिथं एकेका प्रकरणाचे कागद एकत्र बांधून ठेवायचे. ‘बोर्ड्स कलेक्शन्स’ म्हणतात त्याला. मुंबईच्या पुराभिलेखागारात मूळ कागद आहेत, नाही म्हणत नाही, पण साहेब लोकांनी घरच्यांना लिहिलेली खासगी पत्रं त्यांच्या पेट्यांतून तिकडेच गेली. आणि तिथं वाचायला पैसे लागत नाहीत! रीडर पास फुकट, आपल्या मोबाइलवर फोटो काढायला फुकट. आमच्याच तालुक्याचा इतिहास फुकटात वाचायला मिळतो. लुटतं ते तिथवर पोचणं.

दुसरीकडे मागावं तर सीमाभागाचं आपलं नेहमीचंच. २०२२ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळात ८६५ गावांसाठी एकमतानं ठराव होतो, पण तिकडच्या फेलोशिपचा अर्ज उघडला की पहिला रकाना अधिवास दाखल्याचा. इकडचे अर्ज कन्नडात असतात. ते भरतो आम्ही, कन्नड येतं, त्याचं रडगाणं नाही.

डोक्यात तिडीक जाते ती वेगळ्याच गोष्टीनं. कायम नोकरीतला प्राध्यापक दौऱ्यावर निघाला की त्याला टीए अॅडव्हान्स, म्हणजे प्रवास भत्त्याची उचल, मिळतो. दरमहा लाखाच्या वर पगार घेणाऱ्याला आगाऊ, आणि ज्याच्या खात्यात महिनाअखेर शिल्लक राहत नाही त्याला मागाहून! मी पैसे घेऊन पळून जाईन अशी भीती आहे? बाँड घ्या, जामीन घ्या, पदवीची मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्या, पण निम्मी रक्कम तरी निघायच्या आधी हातात द्या. नाहीतर जाहिरातीत स्पष्ट छापा की घरी सोनं असलेल्यांनीच अर्ज करावा.

बिलांचा छळ तर विचारूच नका. सँडविचच्या पावतीची शाई महिन्याभरात उडाली, तर कोऱ्या कागदाला पैसे मिळत नाहीत म्हणे. पौंडाचा दर कुठल्या तारखेचा धरायचा यावर फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, दुसऱ्यावरून परत पहिल्यावर. आणि परवा नवी त्रुटी काढलीय: बोर्डिंग पासवर सक्षम अधिकाऱ्याची सही नाही. कुणाची आणू? वैमानिकाची?