‘जुना फिरत्या स्क्रीनचा लॅपटॉप म्हणजे पैसे पाण्यात’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच असतो: ‘रिफर्बिश्ड लॅपटॉप म्हणजे भंगारातून उचललेला बिघडका माल. त्यातही टचचा, फिरत्या स्क्रीनचा तर घेऊच नका. बिजागऱ्या मोडतात, बॅटरी मेलेली असते, विंडोज ११ चालत नाही, माल बहुतेक चोरीचा असतो. तेवढ्याच तीस-पस्तीस हजारांत कोरा करकरीत नवा लॅपटॉप मिळतो, तो घ्या.’

पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण या संदेशाने दुहेरी नुकसान होते. ज्या मुलीला गणिताची, रसायनशास्त्राची टिपणे स्क्रीनवर हाताने लिहायची आहेत, तिच्या पदरी एक दुबळे नवे यंत्र पडते. आणि जे तरीही जुना घेतात, त्यांनी ज्या गोष्टींना खरोखर घाबरायला हवे त्यांचा संदेशात उल्लेखच नसतो.

भंगारापासून सुरुवात करू. लेनोव्होचा थिंकपॅड योगा, डेलचा लॅटिट्यूड टू-इन-वन (लॅपटॉप आणि टॅबलेट दोन्ही), एचपीचा एलिटबुक एक्स३६० ही यंत्रे मुख्यतः दुकानाच्या फळीवर विकायला बनलेली नसतात. कंपन्या, बँका, सल्लागार संस्था ती शेकड्याने घेतात, पुष्कळदा तीन-चार वर्षांच्या भाडेकरारावर. करार आणि मूळ वॉरंटी साधारण एकाच सुमारास संपते, आणि मग सगळा लॉट एकदम बाहेर पडतो, त्यातला चालता माल आणि बिघडलेला माल दोन्ही. हाच लॉट मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत, दिल्लीत नेहरू प्लेसला पोचतो. म्हणजे यंत्र बाजारात येते ते मुदत संपली म्हणून. ते बिघडले होते असा त्याचा अर्थ होत नाही. दुरुस्ती करून विकण्याचा हा धंदा कायद्याबाहेरचाही नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ मध्ये निर्माता, उत्पादक आणि पुनर्चक्रण करणारा यांच्याबरोबर रिफर्बिशरची, म्हणजे जुना माल दुरुस्त करून विकणाऱ्याची, वेगळी नोंद आहे आणि त्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. दुकानदाराला ‘हा माल कोणत्या रिफर्बिशरकडून आला?’ असे जरूर विचारा. नुसते पुसून विकणाराही ‘रिफर्बिश्ड’च म्हणतो आणि बॅटरी, पंखा, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून विकणाराही तेच म्हणतो, हे मात्र लक्षात ठेवायला हवे.

‘तेवढ्यात नवा येतो’ हा मुद्दा सगळ्यांना पटतो, म्हणून तो नीट पाहू. सर्वात स्वस्त नव्या लॅपटॉपांत बरीच वर्षे सेलेरॉन एन४०२० सारखा प्रोसेसर दिला गेला. त्याला दोन कोअर (काम करणारे भाग) आणि दोनच थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामे). २०१८ च्या थिंकपॅड एक्स१ योगात किंवा एलिटबुक एक्स३६० १०३० जी३ मध्ये आय५-८३५०यू मिळतो. त्याला चार कोअर, आठ थ्रेड. सुमारे दोन वर्षांनी जुना असूनही तो दहा टॅब, एक पीडीएफ आणि एक व्हिडिओ कॉल एकत्र सहज ओढतो, आणि सेलेरॉनला तिथेच धाप लागते. बाकी फरक कागदावर कमी आणि हाताला जास्त जाणवतात: अ‍ॅल्युमिनियमचे किंवा मॅग्नेशियमचे अंग, पाणी सांडले तर काही अंशी तग धरणारा कीबोर्ड, मागून उजेड असलेल्या कळा, थंडरबोल्टचे वेगवान पोर्ट, आणि कोणत्याही चांगल्या ६५ वॉटच्या टाइप-सी चार्जरवर चालण्याची सोय. नव्यात काय मिळते? कंपनीची वॉरंटी, ताजी बॅटरी आणि आधी कोणाचा हात न लागल्याचे समाधान. तिन्ही गोष्टींना मोल आहे. ज्या गावात जवळपास दुरुस्तीवाला नाही, तिथल्या माणसाला मीही नवाच घ्यायला सांगेन. पण ‘केव्हाही नवाच चांगला’ हे म्हणणे टिकत नाही.

आता बिजागरी. फिरणारी गोष्ट आधी मोडणार, असे कोणालाही वाटेल. घरगुती स्वस्त टू-इन-वनमध्ये ही भीती खरीही ठरते, कारण तिथे बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकच्या बारीक खुंट्यांत बसवलेले असतात आणि त्या तडकतात. बिझनेस मालिकेत बिजागरी धातूच्या चौकटीला जोडलेली असते. या मालिकांची अमेरिकी लष्कराच्या मिल-एसटीडी-८१०जी पद्धतींनुसार चाचणीही झालेली असते. अर्थात चाचणी झाली होती नव्या नमुन्यावर, तुमच्या हातातल्या यंत्रावर नाही. म्हणून दुकानात स्वतः तपासा. स्क्रीन हळूहळू पूर्ण मागे न्या आणि परत आणा. कट्कट् आवाज येतो का, झाकणाची फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, एखाद्या कोनात चित्र लुकलुकते का ते बघा. लुकलुकले तर आतली पट्टी-केबल झिजली आहे. स्क्रीन मागे गेल्यावर कळा आपोआप बंद पडायला हव्यात. एक्स१ योगाच्या पहिल्या तीन पिढ्यांत तेव्हा कळा भोवतीच्या चौकटीच्या पातळीत जातात. तो दोष नाही, रचनाच तशी आहे.

या जातीच्या लॅपटॉपात माझी खरी धास्ती बिजागरीची नाही, स्क्रीनची आहे. काच, टचचा थर आणि पॅनेल बहुधा एकमेकांना चिकटवलेले असतात. काच तडकली तर नुसती काच बदलून भागत नाही, सगळा जुडगा बदलावा लागतो, आणि त्याचा खर्च जुन्या यंत्राच्या किमतीचा मोठा लचका तोडतो. त्यामुळे कोपऱ्यातली केसाएवढी चीरही ‘चालेल’ म्हणून स्वीकारू नका. विंडोजमधले ‘पेंट’ उघडा आणि पेनाने एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत हळू तिरप्या रेषा ओढत सगळी स्क्रीन भरून काढा. कुठे पट्टा मुका असेल तर रेषा तिथे तुटेल. २०१६ च्या एक्स१ योगात ओलेड स्क्रीनचाही पर्याय होता. तो दिसायला देखणा, पण जुन्या ओलेडवर टास्कबारचा डाग कायमचा उमटलेला असू शकतो. पांढरे आणि करडे पान पूर्ण स्क्रीनभर उघडून बघा.

पेन हाही विचार संदेशात नाही. ‘टचस्क्रीन आहे’ म्हणजे ‘पेन चालेल’ असे नव्हे, आणि कोणतेही पेन कोणत्याही स्क्रीनवर चालत नाही. स्क्रीनने पेन ओळखण्याच्या वॅकॉम कंपनीच्या दोन पद्धती आहेत, एईएस आणि ईएमआर. तिसरी मायक्रोसॉफ्टची एमपीपी. २०१३ च्या पहिल्या थिंकपॅड योगात ईएमआर होती, नंतरच्या योगा २६० आणि एक्स१ योगात एईएस आली. सॅमसंगचे एस-पेन ईएमआरवर चालते, म्हणून ते एक्स१ योगावर चालणार नाही. एक्स१ योगाचे पेन यंत्राच्या कडेत खोचलेले असते आणि तिथेच चार्ज होते. जुन्या लॉटमध्ये ती खोबण बऱ्याचदा रिकामी असते. पेन सोबत नसेल तर मॉडेलला चालणारे पेन किती रुपयांना पडते ते आधी काढा आणि भावात वळते करून घ्या. एईएसवर अगदी सावकाश ओढलेली तिरपी रेषा किंचित थरथरते. चित्रकाराला ते खटकेल, वर्गातल्या टिपणांना त्याची अडचण होत नाही.

बॅटरीच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण त्यावरून यंत्रच नाकारणे बरोबर नाही. लिथियम-आयन बॅटरी वापरली तरी झिजते आणि नुसती ठेवली तरी झिजते. पण किती झिजली ते मोजता येते. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’, मग मोकळी जागा, मग तिरकी रेघ आणि तिला लागून ‘बॅटरीरिपोर्ट’ असे इंग्रजी अक्षरांत टाइप केले की विंडोज स्वतः अहवाल बनवून देते. त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. तिसऱ्या पिढीच्या (२०१८ च्या) एक्स१ योगाची बॅटरी मुळात ५४ वॉट-तासांची. तिथे आज ३० दिसत असेल तर बदलायचा खर्च हिशोबात धरा. खालचे झाकण स्क्रूंनी बसवलेले असते, त्यामुळे बॅटरी बदलणे अवघड नाही. फक्त दर्जाहीन नकली बॅटरी घेऊ नका. आणि ट्रॅकपॅड वर उचलल्यासारखा वाटला किंवा यंत्र टेबलावर डुगडुगले, तर बॅटरी फुगलेली असू शकते. ते यंत्र कितीही स्वस्त असले तरी घरी आणू नका, त्यात आगीचा धोका आहे.

विंडोज ११ बद्दल संदेश अर्धा खरा आहे, आणि फसगत त्या अर्ध्यातच होते. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला मोजके अपवाद सोडले तर इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. म्हणजे आठव्या पिढीचा जुना लॅपटॉप अधिकृतपणे चालतो, सातव्या पिढीचा नाही. आणि ही दोन यंत्रे शेजारी ठेवली तर जुळी भावंडे वाटतात. थिंकपॅड योगा ३७० सातव्या पिढीचा, एक्स३८० योगा आठव्या. लॅटिट्यूड ७३८९ सातव्या, ७३९० टू-इन-वन आठव्या. एलिटबुक एक्स३६० १०३० जी२ सातव्या, जी३ आठव्या. प्रोसेसरच्या नावात डॅशनंतरचा आकडा पाहा: आय५-७३००यू म्हणजे सातवी, आय५-८३५०यू म्हणजे आठवी. फरक एका पिढीचा असला तरी कोअर दोनाचे चार झाले आहेत.

‘बघा, यावर विंडोज ११ चालतेय की!’ असे म्हणून दुकानदार सातव्या पिढीचे यंत्र सुरू करून दाखवेल. तपासणी वगळून विंडोज ११ टाकता येते, ते खरे आहे. पण अशा यंत्राला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. शिवाय आयते टाकून दिलेले ‘फुकट ऑफिस’ बहुधा चोरटे असते, ते काढून टाका. विंडोजचा परवाना मात्र बहुतेक बिझनेस यंत्रांत बायॉसमध्येच (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीत) कोरलेला असतो. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशनखाली डिजिटल परवाना दिसला पाहिजे.

रॅमकडेही इथेच बघून घ्या. एक्स१ योगा, एक्स३८० योगा आणि एलिटबुक १०३० यांत रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते. आठ जीबीचा घेतला तर तो जन्मभर आठचाच राहील, म्हणून सोळाचा घ्या. पुढे वाढवायची असेल तर एलिटबुक एक्स३६० ८३० जी५ किंवा थिंकपॅड एल३९० योगा बघा. त्यांना रॅमचे खाचे आहेत.

शेवटी चोरीचा माल. बाजारातला बहुतेक माल चोरीचा असतो हे म्हणणे निराधार आहे, पण सावधगिरी हवीच. माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानायला कारण असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. बिलाशिवाय, रस्त्याच्या कडेला, निम्म्या भावात मिळणारे यंत्र म्हणजे तसे मानायला कारणच.

याहून जास्त माणसे अडकतात ती कुलपात. यंत्र रीतसर विकलेले असते, पण जुन्या कंपनीने त्यावरचा ताबा सोडलेला नसतो. मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट योजनेत यंत्राची हार्डवेअर ओळख कंपनीच्या खात्यात नोंदलेली राहते. दुकानदार इंटरनेट न जोडता विंडोज टाकतो, सगळे सुरळीत चालते. सहा महिन्यांनी तुम्ही रीसेट करता, वायफाय जोडता आणि स्क्रीनवर अनोळखी कंपनीचे नाव येऊन तिथला ईमेल आणि पासवर्ड मागितला जातो. ती नोंद तुम्ही काढू शकत नाही, ते त्या कंपनीच्या आयटी विभागाच्या हाती असते. डिस्क बदलून काही होत नाही. यावर उपाय एकच: पैसे देण्यापूर्वी, दुकानात, मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून यंत्र रीसेट करायला लावा आणि सुरुवातीचे सेटअप डोळ्यांसमोर होऊ द्या. तास-दीड तास जाईल. दुकानदार कुरकुरला तर दुसरे दुकान गाठा.

दुसरे कुलूप बायॉसचे. थिंकपॅडवर सुरू होताना एफ१, डेलवर एफ२, एचपीवर एफ१० दाबा. पासवर्ड मागितला तर तिथेच थांबा. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड विसरला तर लेनोव्होचे अधिकृत उत्तर मदरबोर्ड बदला हेच आहे. आत गेल्यावर सुरक्षेच्या पानावर अ‍ॅब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस (यंत्रावर दुरून ताबा ठेवणारी सेवा) ‘अ‍ॅक्टिव्हेटेड’ दिसले, तर जुना मालक ते यंत्र अजूनही दुरून गोठवू शकतो. तिथलाच सिरियल नंबर खालच्या लेबलाशी जुळवा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर टाका, मॉडेल आणि वॉरंटीची मुदत दिसेल. बायॉसमध्ये सिरियल रिकामा असेल तर बोर्ड बदललेला असण्याची शक्यता मोठी.

बिल घेताना त्यावर तोच सिरियल नंबर, प्रोसेसर, रॅम आणि दुकानाच्या हमीची मुदत लिहून घ्या, आणि बॅटरी व स्क्रीन हमीत आहेत की नाहीत तेही. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला जीएसटीच्या नियम ३२(५) प्रमाणे फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरता येतो, त्यामुळे पूर्ण किमतीवर अठरा टक्के लावलेले दिसले नाहीत म्हणून बिल खोटे ठरत नाही. नोंदणीकृत दुकानदाराच्या बिलावर जीएसटी क्रमांक मात्र असायलाच हवा, आणि ‘रीसेटनंतर कंपनीचे कुलूप निघाल्यास पैसे परत’ ही ओळ दुकानदाराच्या सहीने त्याच बिलावर यायला हवी.