फ्री व्हीपीएन टाकलं की कोणालाच काही दिसत नाही? साफ चूक

सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून तिसऱ्यांदा तोच मेसेज आलाय, की फोनमध्ये फ्री व्हीपीएन टाका, मग नेटवर काय करता ते कोणालाच कळणार नाही, बँकेतले पैसे सेफ आणि सरकारलाही पत्ता लागणार नाही. मुलुंडच्या माझ्या आत्याने लगेच टाकलंसुद्धा, म्हणून लिहायला बसलो.

कोणालाच कळणार नाही हे तर खोटंच आहे. व्हीपीएन चालू केलं की आपलं सगळं येणंजाणं त्या व्हीपीएनवाल्याच्या सर्व्हरवरून होतं, म्हणजे कुठल्या साइटवर गेलो ते मोबाईल कंपनीला दिसत नाही हे खरं, पण आता ते त्याला दिसतं, आणि तो कोण कुठला आपल्याला माहीत नसतो. आत्याचा फोन बघितला, वर किल्लीचं चिन्ह आलेलं, म्हणजे व्हीपीएन चालू होतं, गूगल उघडलं तर कोपऱ्यात तिचाच फोटो. लॉगिन तसंच आहे, मग गूगलपासून लपलं काय?

आणि फ्री म्हणजे सर्व्हरचा खर्च कोणीतरी भरतंच ना. फेसबुकने 2013 मध्ये ओनावो नावाची कंपनी घेतली होती, तिचं फ्री व्हीपीएन लोक सेफ्टीसाठी म्हणून टाकायचे आणि कोण कुठलं ॲप किती वापरतं ते फेसबुक त्यातूनच बघायचं. 2018 मध्ये ॲपलच्या स्टोअरवरून ते काढावं लागलं.

बँकेचं म्हणाल तर बँकेची ॲप, यूपीआय हे सगळं आधीच एन्क्रिप्टेड असतं, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येऊ नये असं सांकेतिक करून पाठवलेलं. पैसे जातात ते 'आज रात्री लाइट कापणार' असल्या मेसेजमधल्या लिंकवरून. ओटीपी आपणच दिला तर व्हीपीएन असून काही उपयोग नाही, तेव्हा ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा.

राहिलं सरकार. आपल्याकडे व्हीपीएन वापरणं गुन्हा नाही, पण एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इनने, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, आदेश काढलाय की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांचं नाव, पत्ता, आयपी (नेटवरचा पत्ता) वगैरे 5 वर्षं ठेवायचं. त्यावरून काही मोठ्या परदेशी कंपन्यांनी इथले सर्व्हरच हलवले.

ऑफिसने दिलेलं व्हीपीएन वेगळं, ते खुशाल वापरा. आत्याचं ते ॲप मात्र कॉन्टॅक्ट्सची परमिशन मागत होतं, व्हीपीएनला कॉन्टॅक्ट्स कशाला हवेत हो? काढून टाकलं आणि जीमेलला टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री, लावून दिलं. ग्रुपमधल्या ज्यांनी टाकलंय त्यांनी आजच परमिशन बघा, नाही जमलं तर सातनंतर मी घरीच आहे, फोन घेऊन या.