मोडतानाही यादी करा

आमच्याकडे लग्न ठरलं की याद्या होतात. दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसतात, कागदाला हळदकुंकू लावतात आणि हॉल कोणाचा, मानपान कोणाचा, सोनं किती, सगळं लिहून खाली सह्या करतात. माझ्या लग्नाची यादी बाबांनी अजून कपाटात जपून ठेवली आहे. तेच लग्न नऊ वर्षांनी मोडलं तेव्हा मात्र आमच्यापैकी कोणीच कागद पुढे ओढला नाही.

वकिलांसमोर बसून मी म्हणाले, "मला त्याचं काही नको. फक्त यातून सोडवा." आईने पाठीवरून हात फिरवला. मावशी म्हणाली, "पोर स्वाभिमानी आहे." वकिलांनी दोनदा विचारलं, "नक्की ना मॅडम?" मी हो म्हणाले. त्या एका वाक्याची किंमत मी पुढे कित्येक वर्षं भरली, म्हणून आज हे लिहिते आहे.

फ्लॅट दोघांच्या नावावर, होम लोनही दोघांच्या नावावर. कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी सही करून कोर्टात दिलेल्या तडजोडीच्या कागदात, एवढीच ओळ होती: फ्लॅटवर पत्नीचा हक्क राहणार नाही, उरलेले हप्ते पती भरेल. मला वाटलं, सुटले. पण ती बोली आम्हा दोघांमधली होती, बँकेने त्यावर कुठे सही केली होती? घटस्फोट झाला तरी बँकेच्या वहीत मी कर्जदारच राहिले. त्याचे हप्ते थकले की मेसेज माझ्या फोनवर यायचे. पुढे लेकीसाठी आणि माझ्यासाठी छोटासा वन बीएचके पाहिला, तर सिबिल स्कोअर बघून अर्ज परत आला. समोरच्या मुलाने कॉम्प्युटरची स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, हे थकलेलं लोन तुमच्याही नावावर आहे." त्याचं काही चुकलं नव्हतं. मला तिथे उभं राहवेना.

तेव्हा कर्ज दोघांच्या नावावर असेल तर कोर्टाच्या शेवटच्या तारखेआधी ते एकाच्या नावावर करून घ्या आणि बँकेचं तसं पत्र हातात घ्या. जमत नसेल तर घर विकून कर्ज फेडा. आणि फ्लॅटमधला हिस्सा सोडायचाच असेल तर त्याचा दस्त नोंदवून घ्या. महाराष्ट्रात नवराबायकोने एकमेकांना राहतं घर बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार. पण ही सवलत नवराबायकोसाठी आहे. घटस्फोटाचा हुकूम झाला की ते नातं कायद्याने संपतं. मला हे सगळं आटोपल्यावर कळलं.

अनेकींना वाटतं की घटस्फोट झाला की अर्धं आपोआप मिळतं. तसं गोव्यात आहे. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतले कौटुंबिक नियम अजून चालतात आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची, अर्धी-अर्धी. आपल्याकडे असा कायदा नाही. घर ज्याच्या नावावर, त्याचं. तुमच्या पगारातून वाण्याचं बिल आणि शाळेची फी गेली आणि त्याच्या पगारातून हप्ते गेले, तर कागदावर घर त्याचं एकट्याचं दिसतं. म्हणून बँक स्टेटमेंट काढा, जितकी मागची मिळतील तितकी.

स्त्रीधनाचं मात्र स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलं की ते पूर्णपणे बाईचं, सासरची माणसं ते फक्त सांभाळतात. माझ्या पाटल्या, तोडे, मोहनमाळ सासूबाईंच्या लॉकरमध्ये होते. बाबांच्या कपाटातल्या यादीत प्रत्येक डागाचं वजन लिहिलेलं होतं. मी ती यादी कधी बाहेरच काढली नाही.

सगळ्यात जास्त मनाला लागतं ते लेकीचं. ज्युनिअर केजीत असताना महिना ६,००० ठरले. दरवर्षी किती वाढतील, हे लिहिलंच नाही. आता ती पाचवीत आहे आणि आकडा तोच. मुलांच्या खर्चासाठी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली पुन्हा कोर्टात जाता येतं, आणि आईने हक्क सोडला म्हणून मुलाचा सुटत नाही. पण ज्या पायऱ्या एकदा रडत उतरलो, त्या पुन्हा चढायला फार बळ लागतं हो. एक ओळ आधीच लिहून घ्या.

परस्पर संमतीच्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. ती मुदत माफ होऊ शकते असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं, आणि तेव्हापासून जो तो माफीच मागतो. मीही मागितली होती. पण त्याच निकालात म्हटलंय की पोटगी, मुलांचा ताबा आणि बाकी सगळं खरोखर मिटलेलं असलं पाहिजे. ते सहा महिने मला शिक्षा वाटले होते. आज वाटतं, ते यादीसाठीच होते. पोटगीच्या दाव्यात दोघांनीही मिळकत, मालमत्ता आणि कर्ज प्रतिज्ञापत्रावर सांगायचं, असं २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाने ठरवून दिलंय. त्याचा नमुनाही निकालासोबत आहे. संमतीने वेगळे होत असाल तरी तो भरून बघा, काय काय विसरलं होतं ते समोर येईल.

पुरुषांनाही हेच सांगेन. माझ्या ऑफिसातल्या एकाने ठरलेली रक्कम मामांच्या हाती रोख दिली, पावती नाही. पुढे ती मिळालीच नाही म्हणून वाद उभा राहिला. पैसे डीडीने द्या, कोर्टासमोर द्या.

गेल्या रविवारी आतेबहीण घरी आली होती. तिचीही तारीख जवळ आलीये. बसल्या बसल्या म्हणाली, "ताई, मला काहीच नको गं." मी लेकीची जुनी वही तिच्यापुढे ठेवली. तिने पहिल्या ओळीत लिहिलं, आईच्या बांगड्या, चार. मग बराच वेळ पेन नुसतं धरून बसली. त्याखाली लिहिलं, गाडीचं लोन. मग पीएफचा नॉमिनी, विमा, मुलाच्या नावची एफडी. साडेअकरा वाजेपर्यंत तीन पानं झाली. गुरुवारी ती वकिलांकडे जाणार आहे. मी सुट्टी टाकली आहे.