जप वाढवून गोडी येत नाही

हल्ली ओळखीपाळखीतल्या बऱ्याच जणी सांगतात, "देवाचं सगळं करते गं, पण मन लागत नाही. उरकल्यासारखं होतं." यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे आणखी करा. अकरा माळा होत असतील तर एकवीस करा, पारायण लावा. मला हा सल्ला मुळीच पटत नाही. गोडी आटलेल्या माणसावर आणखी ओझं टाकलं की अपराधीपणा तेवढा वाढतो आणि एक दिवस माळ गोमुखीतून बाहेरच निघत नाही.

मनाला दटावून उत्साह येत नाही. तो हातांतून आणि गळ्यातून येतो, असं माझं ठाम मत आहे. तयार गंधाची डबी बाजूला ठेवा आणि सहाणेवर चंदन उगाळून बघा. पाणी थेंबाथेंबानेच घालायचं, नाहीतर गंध पातळ होऊन देवाच्या कपाळावरून ओघळतं. दाटसर गंध जमेपर्यंत बोटांना वास लागतो आणि पूजेला बसायच्या आधीच मन देवघरात आलेलं असतं. आरतीचंही तेच. मोबाईलवर लावू नका, बेसूर का होईना स्वतः म्हणा. पोरांच्या हातात झांजा द्या.

आपल्या साताऱ्याला हे बाहेरून शिकायची गरजच नाही. समर्थांनी 1648 मध्ये चाफळला राममंदिर उभारलं, आसपासच्या गावांत मारुती स्थापले. शहापूरचा तर चुन्याचा! भक्ती करा एवढं सांगून ते थांबले नाहीत; उत्सव दिला, बलोपासना दिली, अंगाला काम दिलं. आणि गोंदवलेकर महाराजांनी नाम घ्यायला सांगितलं ते प्रपंच सांभाळूनच.

नेम नको असं मी म्हणत नाही. नेम हवाच, पण लहान आणि न मोडणारा. दासबोधाचे समास 200. रोज एकच, पण मोठ्याने वाचला तरी सात महिन्यांच्या आत ग्रंथ पुरा होतो. शेजारीण ऐकायला बसली तर आणखी बरं, कारण एकटीचा नेम सुटतो, दोघींचा सहसा सुटत नाही.

शहापूर, मसूर, उंब्रज हे तिन्ही मारुती कऱ्हाडहून एका दिवसात होतात. श्रावणातल्या एखाद्या शनिवारी जायचं ठरवतेय. गाडीत जागा आहे, ज्यांना यायचंय त्यांनी खाली लिहा.