लेआची गोष्ट तिसाव्या अध्यायातही चालू आहे

परवा रात्री साडेअकराला धाकट्या बहिणीने एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "ताई, माझाच विश्वास कमी पडतोय का गं?" तिचं लग्न मोडून वर्ष झालं. मैत्रिणींचे फोन हळूहळू बंद झाले. आणि अशा वेळी प्रार्थनेच्या ग्रुपवरून तिच्या हातात हे पडलं. हाच मेसेज मला आधी तीन-चार जणींकडून आला होता. मी तो न वाचताच सोडून दिला होता, त्याचं आता वाईट वाटतंय.

मेसेज म्हणतो: ज्याला देवाचं प्रेम कळलं त्याला माणसांच्या प्रेमाची गरज उरत नाही. एकटं वाटतं, म्हणजे विश्वास कच्चा. याकोबाची नावडती बायको लेआ हिने नवऱ्याच्या प्रेमाची आशा सोडली, चौथा मुलगा यहूदा याच्या जन्मी फक्त देवाची स्तुती केली आणि तिचं दुःख संपलं. तूही सोड. खरा विश्वासणारा डॉक्टरकडे रडायला जात नाही. आणि बायबलमध्ये "भिऊ नको" 365 वेळा आहे, रोज एक.

365 चं आधी उरकते. इतक्या वेळा ते वाक्य येतच नाही. आणि धीर द्यायला ते एकदा आलेलं पुरत नाही का?

आता लेआ. मला सर्वांत राग याच मुद्द्याचा आला, कारण इथे शास्त्रच अर्धं कापलंय. बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ती, त्याच्या 29 व्या अध्यायात लेआ नावडती आहे हे परमेश्वर पाहतो. पहिला मुलगा रऊबेन, त्याच्या वेळी ती म्हणते, आता नवरा माझ्यावर प्रीती करील. शिमोनाच्या वेळी म्हणते, मी नावडती आहे हे देवाने ऐकलं. लेवीच्या वेळी म्हणते, आता तरी तो माझ्याशी मिळून राहील. चौथा यहूदा, आणि ती परमेश्वराचं स्तवन करते. मेसेज इथे थांबतो. बायबल थांबत नाही. पान उलटा. 30 व्या अध्यायात तीच लेआ आपल्या बहिणीला, याकोबाची दुसरी बायको राहेल हिला म्हणते, माझा नवरा घेतलास हे काय थोडं झालं? आणि जबुलून झाल्यावर, 20 व्या वचनात, पुन्हा तेच: मी त्याला सहा मुलगे दिले, आता तरी तो माझ्याजवळ राहील.

म्हणजे यहूदाच्या वेळची स्तुती खोटी होती का? मुळीच नाही. तिने मनापासून देवाची स्तुती केली आणि त्यानंतरही नवऱ्याने आपल्याकडे बघावं असं तिला वाटतच राहिलं. यासाठी देव तिला एका शब्दाने रागावत नाही. उलट 17 व्या वचनात लिहिलंय की देवाने लेआचं ऐकलं. याकोबाने पुढे तिच्यावर प्रेम केलं, असं शास्त्र कुठे सांगत नाही. जे दुःख शास्त्राने मिटवलं नाही ते आपण चार ओळींत मिटवून दुसऱ्या दुःखी बाईच्या तोंडावर मारायचं, हा कुठला सांत्वनाचा प्रकार?

"एकटं वाटतं म्हणजे विश्वास कच्चा" हे तर मी कुणाही पाळकाच्या तोंडूनसुद्धा ऐकून घेणार नाही. प्रेषित पौलाचा विश्वास कच्चा होता? त्याने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा चौथा अध्याय वाचा. देमास सोडून गेला, लूक एकटाच जवळ आहे, तू लवकर ये, मार्काला घेऊन ये, त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा आण. मग म्हणतो, माझ्या बाजूने कुणी उभं राहिलं नाही, पण प्रभू माझ्याजवळ उभा राहिला. आणि एवढं लिहूनही शेवटी पुन्हा आर्जव: हिवाळ्याच्या आत ये. प्रभू जवळ उभा होता, तरी त्याला तीमथ्य हवा होता! बहिणीला मी सगळ्यात आधी हेच वाचून दाखवलं.

माणसांची गरज उरत नाही, या वाक्याला तर उत्पत्तीचा दुसरा अध्यायच पुरे. मनुष्याने एकटं असणं बरं नाही हे देव म्हणाला, तेही पाप जगात यायच्या आधी.

डॉक्टरांबद्दल. संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. उठवलं, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू पुढे ठेवला, झोपू दिलं, परत उठवून खायला लावलं. प्रश्न विचारले गेले ते नंतर, होरेब डोंगरावर. आधी शरीराची काळजी घेणं देवाला कमीपणाचं वाटलं नाही. झोप उडालेल्या, मरणाचे विचार येणाऱ्या माणसाला डॉक्टरपासून अडवणारा मेसेज पुढे ढकलू नका. यात जीव जाऊ शकतो.

एक गोष्ट मात्र मेसेजमध्ये खरी आहे, आणि ती मला नाइलाजाने का होईना मान्य करावी लागते. माणसांनी टाकलं म्हणून आपली किंमत शून्य होत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात दमडीला दोन चिमण्या मिळतात, लूकच्या शुभवर्तमानात दोन दमड्यांना पाच. पाचवी फुकट घातलेली, आणि तिचाही देवाला विसर पडत नाही. कित्येक रात्री मी स्वतः याच वचनाला धरून काढल्यात. पण ते वचन चिमणीला धीर देतं, "तुला थवा कशाला हवा" असं विचारत नाही.

बहिणीला मी रात्रीच फोन लावला. तासभर ती बोलली, मी ऐकलं. शनिवारी मी तिच्याकडे राहायला जातेय. ज्या चौघींनी हा मेसेज मला पाठवला, त्यांना तिचा नंबर देऊन ठेवलाय.