आधी चार्जर, मग गाडी, मग जमलं तर लाईन

इलेक्ट्रिक कार घ्यायचं मनात असेल तर मुहूर्त तेवढा चुकवू नका. अक्षय्य तृतीया उत्तम. टोकन भरलं की शोरूमवाले पेढा देतात, गळ्यात हार घालतात आणि गाडीजवळ उभं करून फोटो काढतात. तो फोटो जपून ठेवा, पुढचे कित्येक महिने गाडी म्हणून तुमच्याकडे तेवढाच असणार आहे. फोटोत मागे दिसते ती डेमोची, तिच्यावर जीव लावू नका. मी २१ हजार भरले तेव्हा शेतात वखरणी चालू होती. आता पोळा होऊन गेला, कपाशीला बोंडं धरली. माझ्या गाडीला अजून फूलही नाही.

‘सहा ते आठ आठवडे, सर,’ असं ते सांगतील. हसून मान डोलवा. शोरूमचा आठवडा सात दिवसांचा असतो, हा आपला खेडवळ गैरसमज. दर पंधरा दिवसांनी फोन करत राहा, तेवढ्याच नव्या ओळखी होतात. माझं बुकिंग घेणारा पोरगा दुसरीकडे नोकरीला लागला, त्याच्या जागी आलेला लग्नाच्या सुटीवर गेला, आणि तिसऱ्या मुलीनं फार गोड आवाजात विचारलं, ‘सर, कोणती गाडी बुक केली होती आपण?’

उशीर का होतोय, हे मात्र नीट समजून घ्या. चौकात बसायचं तर त्याचा फार उपयोग होतो. आधी चिप नव्हती. मग चुंबक अडलं. एप्रिल २०२५ मध्ये चीननं सात दुर्मिळ धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. त्यातले डिस्प्रोशियम आणि टर्बियम गाडीच्या मोटरमधल्या चुंबकात लागतात, कारण मोटर तापली तरी त्यांच्यामुळे चुंबकाचा जोर टिकतो. हे मी चहाच्या टपरीवर सांगितलं तेव्हा आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या बाजारात सोयाबीनचा भाव विचारणारी माणसंही गप्प झाली. फक्त एका म्हाताऱ्यानं विचारलं, ‘म्हणजे आपला युरिया अडकते, तसंच ना बापू?’

तसंच, म्हटलं.

‘मंग लिंकिंगही असंन.’

माणूस निरक्षर आहे, पण बाजार त्याला शोरूमच्या मॅनेजरपेक्षा जास्त कळतो. कृषी केंद्रात युरियाच्या पोत्यासोबत झिंकची थैली गळ्यात मारतात, तसं इथे सीट कव्हर, मॅट, बॉडीवरचं कोटिंग आणि वाढीव वॉरंटी असते. ‘ॲक्सेसरीजचं पॅकेज घेतलं तर अलॉटमेंट लवकर होते, सर.’ घ्या. माझ्या घरी मॅट येऊन पडल्या आहेत. सध्या त्यांवर मिरच्या वाळत घातल्या आहेत, आणि मिरच्यांची तक्रार नाही.

रंगाचा हट्ट धरू नका. ‘पांढरी लगेच मिळेल’ असं सांगतील. पांढरी म्हणा. मग पांढऱ्याचीच मागणी वाढल्याचं कळेल. डिसेंबर उलटला तर चॅसिस नंबर जरूर बघा, त्यात गाडी बनल्याचं वर्ष दडलेलं असतं. नव्या वर्षात जुन्या सालची गाडी मिळाली, तर ती जन्मताच एक वर्षानं मोठी असते.

चार्जरची काळजी नसावी. तो वेळेवर येतो, गाडीच्या कितीतरी आधी. गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच. आमच्याकडे गोठ्याच्या भिंतीवर बसवला, अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणला, मीटरचा लोड वाढवायला अर्ज दिला. आता त्यावर छत्री टांगतो, आणि म्हशीला पाठ खाजवायला त्याचा कोपरा बरा पडतो. लाईन, म्हणजे वीज, असते तेव्हा त्याचा हिरवा दिवा लागतो. घरची मंडळी सांजवातीसोबत त्यालाही हात जोडतात.

जुनी गाडी आधीच विकून मोकळे व्हा. एक्सचेंजमध्ये थांबलात तर दर महिन्याला ते तिची किंमत नव्यानं पाडतात. बँकेला कर्जाचे पैसे शोरूमकडे वळते करायला सांगितलं, तर हप्ता सुरू होतो आणि तुम्ही एसटीत उभे असता. तेव्हा आठवा, की २०२५ च्या ई-वाहन धोरणात समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारला टोल माफ केला आहे. ७०१ किलोमीटर, फुकट! नुसती गाडी हवी.

चिडू मात्र नका, तो आपला स्वभाव नाही. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ साली झालं आणि तीन दशकांनंतरही कालव्यांची कामं चालूच होती. आमच्या दारव्ह्यावरून धावणारी शकुंतला रेल्वे बंद पडली, तरी ब्रॉडगेजची वाट पाहणारी माणसं रोज स्टेशनाकडे फिरायला जातात. आठ आठवड्यांसाठी शोरूममध्ये आवाज चढवायचा ही पुण्या-मुंबईकडची चाल झाली.

परवा शेवटी फोन आला. ‘सर, गाडी यार्डात लागली. फक्त हिरवी नंबर प्लेट यायची आहे, तिच्याशिवाय देता येत नाही.’ मी जाऊन लांबून पाहून आलो. एमएच २९ कधी लागेल ते विचारलं. सहा ते आठ दिवस म्हणाले. आणि गावात पाऊल ठेवतो तर विजेची डीपी जळालेली.

संध्याकाळी अंधारात शेजारच्या शेताचा मालक आला. त्यालाही इलेक्ट्रिक गाडी घ्यायची आहे. म्हणाला, ‘किती दिवस लागते हो, खरं सांगा.’

‘तुमच्या विहिरीवरच्या पंपाचं कनेक्शन झालं का?’

‘नाही ना. डिमांडचे पैसे भरून दोन वर्षं झाले. यादीत नाव आहे म्हंतात, पेड पेंडिंग.’

‘मग तुमची तालीम झालेली आहे,’ म्हटलं. ‘उद्याच टोकन भरा.’