शून्य टिंब अठ्ठेचाळीस टिंब साठ

सातबाऱ्यावर क्षेत्राच्या रकान्यात एकाच आकड्यात दोन टिंबं असतात. हे ज्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही, त्यांच्या घरात वाटणीचा विषय निघालेला नाही असं खुशाल समजावं. आमच्या आजोबांच्या कोरेगाव तालुक्यातल्या जमिनीसमोर ०.४८.६० असं लिहिलंय. म्हणजे शून्य हेक्टर, अठ्ठेचाळीस आर, साठ चौरस मीटर. तलाठ्याला, बँकेला, सोसायटीच्या सचिवाला यात काही वावगं दिसत नाही. पण हाच आकडा नेटवरच्या एखाद्या रूपांतराच्या चौकटीत टाकून बघा. चौकट लालभडक होते आणि ‘कृपया योग्य संख्या टाका’ अशी तंबी मिळते. शासनाच्या दप्तरात जी संख्या सुखाने नांदते, ती तिथे संख्याच नसते.

हे सगळं सुरू झालं ते आमच्या कुटुंबाच्या ग्रुपमुळे. ‘आपापसात एकदा बोलून घेऊ’ असं कुणीतरी लिहिलं, आणि मग लक्षात आलं की बोलायला भाषाच एक नाही. तात्या, म्हणजे माझे थोरले काका, गुंठ्यांत बोलतात. चुलतभाऊ संदीप पुण्यात फ्लॅट घेतल्यापासून जगातली प्रत्येक गोष्ट चौरस फुटात मोजतो. न्यू जर्सीच्या नंदूला मेट्रिक पद्धतीची हवा लागलेली नाही, त्याला एकरात हवं. मी घरातला ‘कॉम्प्युटरवाला’, त्यामुळे सगळ्यांना समजेल असं करून द्यायचं काम माझ्याकडे.

नेटवर या विषयात मदतीचा तुटवडा नाही, सुकाळच आहे. पहिल्याच ठिकाणी एककांची जी यादी उघडली तिच्यात मरला होता, कनाल होता, तमिळनाडूचा ग्राउंड होता, सेंट होता. बिघा निवडला तर ‘कोणत्या राज्यातला बिघा?’ असा उलट प्रश्न आला. रास्त प्रश्न आहे, कारण बंगालचा बिघा १४,४०० चौरस फुटांचा आणि गुजरातचा बहुतेक ठिकाणी १७,४२४ चा. गुंठा शोधेपर्यंत मी निम्मा भारत पायी फिरून आलो. मध्ये दोन बोटं चुकीच्या जागी लागली असती तर लोणावळ्याजवळचा एक एनए प्लॉटही बुक झाला असता, इतक्या जाहिराती.

मग व्हिडिओ. ‘नमस्कार शेतकरी मित्रांनो’ पासून सुरू होऊन घंटीचं बटण दाबण्याच्या विनंतीवरून आर या विषयावर यायला त्या तरुणाला इतका वेळ लागला की तेवढ्यात शेत पायांनी मोजून झालं असतं. फोनला तोंडी विचारून पाहिलं : ‘अठ्ठेचाळीस आर म्हणजे किती गुंठे?’ त्याने ऐकलं ‘अठ्ठेचाळीस यार’, आणि मैत्रीवरच्या शायऱ्या दाखवल्या.

शेवटी दुसरं टिंब काढून ०.४८६० हेक्टर असं टाकलं. १०० आरचा हेक्टर आणि १०० चौरस मीटरचा आर, त्यामुळे हे बिनधोक चालतं. उत्तर आलं : १.२००९३२ एकर. दशांशाच्या पुढे सहा आकडे! त्यातला शेवटचा आकडा म्हणजे जेमतेम एका तळहाताएवढी जागा. आमच्याकडे बांधावरून भांडणं हातभर जागेसाठी होतात, इतक्या बारकाईला अजून कुणी गेलेलं नाही. मी ते उत्तर ग्रुपवर टाकलं आणि जेवायला बसलो.

ताटावरून उठेपर्यंत घरात दोन पक्ष पडले होते. संदीपने १.२० चा अर्थ लावला : एक एकर वीस गुंठे. म्हणजे साठ गुंठे. नंदूकडे आजोबांच्या जुन्या उताऱ्याचा फोटो होता, त्यात क्षेत्र ‘१-८’ असं लिहिलेलं. त्याने ते १.८ एकर म्हणून आणखी कुठल्यातरी यंत्रात घातलं, आणि यंत्राने निमूटपणे बहात्तर गुंठे काढून दिले. यंत्राला काय, जे घालाल ते दळून देतं. आता प्रश्न असा उभा राहिला, की बहात्तरचे साठ कुणी केले? मधले बारा गुंठे कुठे गेले? नंदूने ‘मला कुणावर संशय घ्यायचा नाही’ असं लिहिलं. आमच्या घरात या वाक्याचा अर्थ संशय घेऊन झालेला आहे असा होतो. धाकट्या आजोबांच्या शाखेतल्या दोघांनी लगेच ग्रुप सोडला.

तात्यांना फोन लावला.

“आरं, एक-आठ म्हंजे एक एकर आठ गुंठं,” तात्या म्हणाले. “चाळीस गुंठ्याचा एकर. चाळीस आन् आठ किती?”

“अठ्ठेचाळीस.”

“मग? त्यात कॉम्प्युटर कशाला लागतोय?”

आणि मग, एकदा विचारलंच आहे तर, त्यांनी पूर्ण शास्त्र सांगितलं. मोजणीची साखळी तेहेतीस फुटांची. साखळी बाय साखळी म्हणजे गुंठा, १,०८९ चौरस फूट. गुंठ्याचे सोळा आणे. (नाण्यांची दशमान पद्धत १९५७ साली आली आणि आणे हळूहळू खिशातून गेले. शेतातून ते गेले नाहीत.) आर मात्र १,०७६ फुटांच्या आसपास, गुंठ्याहून थोडा लहान. म्हणून अठ्ठेचाळीस गुंठ्यांचे साडेअठ्ठेचाळीसहून किंचित जास्त आर होतात. तात्यांचं यावरचं मत वेगळं आहे. त्यांच्या मते हेक्टर आले तेव्हा सरकारने आपल्याला अर्धा गुंठा वाढवून दिला, आणि तेवढं एक काम सरकारने चांगलं केलं. मी वाद घातला नाही. दोन शाखा आधीच दुखावल्या होत्या.

अठ्ठेचाळीस हा आकडा ग्रुपवर टाकल्यावर कुणालाच आनंद झाला नाही. बहात्तरवाल्याचे चोवीस गुंठे गेले, साठवाल्याचे बारा. कधी नसलेली जमीन गेल्याचं दुःख असलेली जमीन गेल्यासारखंच असतं, हे मला त्या दिवशी दिसलं. नंदूने ‘तात्यांकडे याचा काही लेखी पुरावा आहे का’ असं विचारलं. चाळीस गुंठ्यांचा एकर असल्याचा!

त्यातच संदीपने ओळखीच्या एका एजंटाला मध्ये घेतलं. पुण्याच्या आसपासची शेतं विकून गुंठामंत्री झालेल्यांच्या पंगतीत बसणारा माणूस. तो म्हणाला, “साहेब, गुंठा हजार फुटांचाच धरा.”

“आणि वरचे एकोणनव्वद?”

“ते रस्त्यात जातात.”

आमच्या शेताला रस्ता नाही. पायवाट आहे, तीही शेजाऱ्याच्या मर्जीवर. तरी अठ्ठेचाळीस गुंठ्यांतून चार हजारांवर चौरस फूट त्याने माझ्यासमोर, हातात साधा कॅल्क्युलेटरही न घेता, गायब करून दाखवले. इतकं चपळ रूपांतर मला नेटवर कुठे मिळालं नव्हतं.

आता मी एक तक्ता केलाय. गुंठे, आर, चौरस फूट, एकर, आणि तात्यांसाठी आण्यांचा एक रकाना. तिघा वारसांना सोळा-सोळा गुंठे. सुबक तक्ता आहे, प्रत्येकाला आपापल्या भाषेत वाचता येतो. ग्रुपवर टाकल्यावर पहिल्यांदाच सगळ्यांनी अंगठे दाखवले, सोडून गेलेले दोघेही परत आले. मग इतके दिवस एक अक्षर न बोललेल्या आत्याचा निरोप आला :

“छान केलंस रे बाळा. आता विहिरीजवळचा आंबा कुणाच्या सोळात येतो तेवढं सांग.”

तात्यांनी लगेच खाली लिहिलं, आंबा आईने लावलाय, तो वाटणीत येत नाही. नंदूने विचारलं, वर्षाला किती किलो निघतात. आत्या म्हणाली, किलो माहीत नाही, शेकड्यावर मोजतो आम्ही.

संदीपने मला वेगळा मेसेज केलाय : शेकडा म्हणजे शंभरच ना, का आंब्याचा वेगळा असतो?